सहावीचं इंग्रजी कोणाकडे होतं

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. घरात ढोके सरांचं नाव निघालं की मी उठते आणि पाणी प्यायला जाते. घरच्यांना वाटतं, मला तहान लागते. गेली कित्येक वर्षं मी ते पाणी पिते आहे.

सर गेल्या महिन्यात गेले. सकाळी शाळेत जायची तयारी करताना, बुटाची लेस बांधता बांधता. तेव्हापासून मी रोज थोडं लिहिते, आणि बरंचसं खोडते. शोक करते आहे, असं म्हणू का? पण शोक करायला तरी हात स्वच्छ लागत असतील.

समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावी, सातवीपर्यंतच्या शाळेत आम्ही बरोबर होतो. सहावी आणि सातवीचे वर्ग आम्हा दोघांत होते. पाचवीपर्यंत एकाच गुरुजींच्या हाताखाली शिकलेली मुलं सहावीत आली की एकदम मोठी होतात. दर विषयाला वेगळा तास, घंटा झाली की समोरचा माणूस बदलतो. मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास-नागरिकशास्त्र, भूगोल — वह्यांना कव्हर घालून त्यांवर विषयाचं नाव लिहिण्याची त्या मुलांना केवढी हौस! मुख्याध्यापकांनी तासांची जुळवाजुळव करून विषय वाटून दिले आणि वेळापत्रक कार्डशीटवर लिहून वर्गाच्या भिंतीला लावलं. सर बी.एस्सी. आणि मी मराठीची एम.ए. पण सरांकडे सातवीचं गणित आणि दोन्ही वर्गांचं विज्ञान आधीच होतं. त्यामुळे सहावीचं गणित माझ्या वाट्याला आलं आणि सहावीचं इंग्रजी सरांच्या.

गणिताची मला भीती होती. ती लपवायला मी पुस्तकातलं उदाहरण फळ्यावर जसंच्या तसं उतरवून देत असे. पूर्णांक संख्यांचा धडा आला तेव्हा प्रणाली नावाची मुलगी उभी राहिली. दोन वेण्या, उंच आवाज.

‘‘मॅडम, उणेतून उणे काढलं तं वाढते काऊन? काढलं तं कमी व्हाले पायजे ना?’’

मी म्हणाले, ‘‘नियम आहे. लिहून घे.’’

शेजारच्या वर्गातून सरांनी ते ऐकलं असणार. दुपारी डबा खाताना ते म्हणाले, ‘‘मॅडम, एक सौदा करता का? तुमचं गणित मले द्या, माझं इंग्रजी तुमी घ्या. भिंतीवरचं वेळापत्रक राहू द्या तसंच. ते काय उठून चालते काय?’’

अशी अदलाबदल आमच्याकडे कोणी चोरी मानत नाही. ज्याला जे जमतं ते त्याने शिकवावं, कागद कागदाच्या जागी राहावा — पुष्कळ शाळा अशाच चालतात, आणि मुलांचं त्यात भलंच होतं. मला केवढं हायसं वाटलं! सरांनी दुसऱ्याच दिवशी सहावीला पटांगणात नेलं. एक खड्डा दाखवून विचारलं, ‘‘हा खड्डा म्हणजे उणे. आता हा काढून टाका. कसा काढसान?’’ मुलं म्हणाली, बुजवून. ‘‘मंग जमीन वर आली का खाली गेली?’’ सगळी ओरडली, ‘‘वर!’’ मी वर्गाच्या खिडकीतून पाहत होते. मलाही ते तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

आणि मी? मी इंग्रजी काय शिकवलं?

इथे मला थांबावंसं वाटतं. दोन दिवस या ओळीपाशी थांबलेही होते.

इंग्रजी मला येत होतं. सहावीपुरतं तर नक्कीच. म्हणजे जमत नव्हतं, असं नाही. जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास असे, आणि मला वाचायचं असे. पर्समध्ये कायम एक पुस्तक असायचं माझ्या. मुलांना सांगायचे, ‘‘पुढचा धडा सुंदर अक्षरात उतरवा. ज्याचं अक्षर चांगलं त्याला लाल पेनाने शाबासकी.’’ मुलं माना खाली घालून लिहीत आणि मी वाचत बसे. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर… मोत्यासारखं अक्षर झालं होतं त्यांचं. एकदा प्रणालीने वही पुढे करून विचारलं, ‘‘मॅडम, याचा अर्थ काय होते?’’ मी पानावरून नजरही उचलली नाही. म्हणाले, ‘‘आधी लिहून तर काढ.’’ तिने पूर्ण धडा लिहून काढला. अर्थ मी सांगितला नाही. तिने पुन्हा विचारलंही नाही.

त्याच वर्षी सरांची आई आजारी होती. किडनीचा आजार. आठवड्यातून दोनदा तिला सावंगीला दवाखान्यात न्यावं लागे. पहाटेची एसटी, वर्ध्याला उतरायचं, तिथून पुढे, आणि संध्याकाळी तसंच उलट. सरांनी सावंगीजवळच्या एखाद्या शाळेवर तात्पुरती नेमणूक मिळावी म्हणून अर्ज केला होता. ‘‘झालं तं माय वाचते,’’ असं ते मला डबा खाताना म्हणाले होते. हे मी मुद्दाम लिहिते आहे. मला हे माहीत होतं. सगळं घडलं तेव्हा मला हे माहीत होतं.

जानेवारीत तालुक्याहून शाळा तपासायला साहेब आले. न कळवता. मी सहावीवर होते, सर शेजारी सातवीवर. साहेबांनी फळ्यावर लिहिलं, उणे चार वजा उणे सात. प्रणाली धावतच पुढे गेली. उत्तर तीन. वर खडू हातात धरून साहेबांनाच समजावू लागली, ‘‘चार फुटाचा खड्डा हाये, सर. त्यातून सात फुटाचा खड्डा काढून टाकला. म्हणजे बुजवला. मंग चार भरून तीनचा ढीग वर आला.’’ साहेब हसले. भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे गेले, गणितासमोरचं नाव वाचलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘व्वा, मॅडम!’’

मी मान किंचित खाली घातली. नम्र माणसं घालतात तशी.

मग त्यांनी इंग्रजीच्या वह्या मागितल्या. अक्षर पाहून खूश झाले. प्रणालीलाच म्हणाले, ‘‘तूच लिहिलंस ना हे? वाच.’’ ती उभी राहिली. पान तिच्याच हातचं. ती अक्षरं एक एक करून म्हणू लागली, शब्द काही होईना. दुसऱ्याला उठवलं, तिसरीला उठवलं. तुझे वडील काय करतात, एवढंच साहेबांनी इंग्रजीत विचारलं. मुलं वहीतच उत्तर शोधू लागली. ‘‘ही तर नुसती नक्कल आहे!’’ साहेबांचा आवाज चढला. ‘‘इंग्रजी कोणाकडे आहे?’’ आणि उत्तराची वाट न पाहता ते पुन्हा भिंतीपाशी गेले. ‘‘ढोके सरांना बोलवा.’’

वर्गातल्या सगळ्या मुलांना खरं काय ते माहीत होतं. सगळी माझ्याकडे पाहत होती. माझ्याकडे असं कोणी कधी पाहिलं नव्हतं — त्या नजरेत राग नव्हता, मुलं फक्त वाट पाहत होती. मॅडम आता सांगतील. प्रणाली अजून उभीच होती. तिला राहवलं नाही.

‘‘साहेब, इंग्रजी तं आमाले —’’

‘‘प्रणाली, खाली बस.’’

हे मी म्हणाले. मोठ्यानेही नाही. तीन शब्द. ती बसली. सर तेव्हा दारात पोचले होते. त्यांनी ते ऐकलं होतं. माझ्याकडे एकदा पाहिलं, मग साहेबांना म्हणाले, ‘‘माझ्याकडे हाये, साहेब.’’

मी खरं बोलले असते तर काय झालं असतं? बोलणी बसली असती. दोघांना मिळून. वेळापत्रक परस्पर का बदललं म्हणून. एवढंच. मी फार मोठ्या संकटाला भिऊन गप्प बसले असंही नाही. ‘व्वा, मॅडम’ कानात होतं, ते मला सोडवेना.

सरांना नोटीस आली. त्यांनी उत्तर लिहिलं, ते मुख्याध्यापकांच्या टेबलावर मी वाचलं — सहावीच्या विद्यार्थ्यांची इंग्रजी विषयातील प्रगती समाधानकारक नाही, हे मान्य. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी त्यांच्याजवळ गेले, ‘‘सर, मी…’’ एवढं म्हणाले. ते म्हणाले, ‘‘जाऊ द्या, मॅडम. दोघं बुडाच्यापरीस एकच भिजला तं काय बिघडते?’’ मी किती पटकन मान डोलावली! ते ‘जाऊ द्या’ म्हणेपर्यंत जणू दम धरूनच उभी होते.

सावंगीचा अर्ज साहेबांनी लिहिलेल्या शेऱ्यावर अडला. पुढचं दीड वर्ष सर आईला एसटीनेच नेत राहिले. एकदा मी त्याच बसमध्ये होते. आईचं डोकं त्यांच्या खांद्यावर, मांडीवर सहावीच्या वह्यांचा गठ्ठा. इंग्रजीच्या वह्या. नोटीस आल्यापासून गणिताच्या जोडीला इंग्रजीही ते स्वतःच घेत होते आणि मी त्यांचा इतिहास घेत होते. त्यांनी मला पाहिलं आणि आईला म्हणाले, ‘‘माय, ह्या आमच्या शाळेतल्या मॅडम. लय वाचतात.’’ म्हातारीने हात जोडले. त्या दीड वर्षाअखेर ती गेली. शाळा जवळ मिळाली असती तर वाचली असती का? मला ठाऊक नाही. ठाऊक नसण्याचा आधार घ्यावा, असं पुष्कळदा मनात आलं आहे.

अजून एक राहिलं. त्या ‘व्वा’मुळे दुसऱ्या वर्षी तालुक्याच्या प्रशिक्षणात सहावीच्या गणिताचं मार्गदर्शन करायला माझं नाव गेलं. मी नाही म्हणायला हवं होतं. मी काय केलं? सरांकडे जाऊन त्यांची टिपणाची वही मागितली. त्यांनी दिली. मी तो खड्डा पन्नासेक शिक्षकांसमोर सांगितला, टाळ्या घेतल्या. प्रशिक्षणार्थींत तिसऱ्या रांगेत सर बसले होते. चहाच्या वेळी जवळ आले आणि म्हणाले, ‘‘मॅडम, खड्डा बराबर बुजवला बरं तुमी.’’ हसत होते. टोमणा होता का? इतकी वर्षं मी ते वाक्य उलटसुलट करून पाहते आहे. टोमणा असता तर बरं झालं असतं.

पुढे माझी बदली झाली, मग त्यांचीही. दिवाळीला फोन यायचा. मी त्यांना कधी केला नाही.

तेरवीला मी गेले. पंगत उठत आली होती. वहिनींनी — सरांच्या बायकोने — मला आतल्या खोलीत नेलं, पाटावर बसवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘‘मॅडम, तुमी तं त्या शाळेत यायच्या, तुमच्या सरायच्या, संगंच होत्या. एक खरं सांगसान? यायले इंग्रजी शिकवता येत नव्हतं का हो? साहेबानं तसं लिहून देल्लं होतं. घरी तं पोरीले असं शिकवत का पोरगी फाडफाड बोले. मी लय खेपा विचारलं. म्हणत, पोरायले येत नव्हतं, एवढं खरं हाये. बस, त्याच्या पुढं काई बोलत नसत. मले काई पटलं नाई कधी.’’

म्हणजे घरीसुद्धा त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. आणि वहिनी इतकी वर्षं, नवऱ्याच्या स्वतःच्या शब्दाविरुद्ध, त्यांच्या बाजूने उभ्या होत्या. एकट्याच. त्यांना फक्त एक साक्षीदार हवा होता, आणि तो त्यांनी बरोबर ओळखून आत आणला होता.

खोलीत आम्ही दोघीच होतो. मला थांबवणारं तिथे कोणी नव्हतं. नोटीस नाही, साहेब नाहीत. माझ्या निवृत्तीला फार वर्षं उरलेली नाहीत. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. ‘वहिनी, इंग्रजी माझ्याकडे होतं.’ चार शब्द.

मी म्हणाले, ‘‘मुलांना येत नव्हतं, वहिनी.’’

 मग म्हणाल्या, ‘‘असं का. मंग बरोबरच असन,’’ आणि उठून माझ्यासाठी ताट वाढायला गेल्या.

मी जेवले. सगळं ताट संपवलं.

त्या घरी जायला एसटी आहे. तासाभराचा रस्ता आहे. आज रविवार होता, मला सुट्टी होती. मी गेले नाही.