गाडीला बसवलेले कान

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी दारात बसून शेंगा फोडत होते. भानुदास भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, ह्यांच्यासारखा तेही ट्रकच चालवतात. "वहिनी, दादाला लागलंय. बिडकीनला. रेखाला बोलावून घ्या," असं ते म्हणाले. रेखा माझी मुलगी, वाळूजला असते. मी विचारलं, "कुठं लागलंय? किती?" पण माझा आवाज त्यांच्यापर्यंत गेला नसावा. "हॅलो, हॅलो" म्हणत त्यांनी फोन ठेवला. मी शेंगा पुन्हा सुपात भरल्या, सूप आत नेऊन ठेवलं, लुगडं बदललं... रेखा आली तेव्हा तिच्या तोंडाकडे बघूनच मला कळलं की आता विचारण्यासारखं काही उरलेलं नाही.

बिडकीनच्या एका कंपनीच्या आवारात हे माल घेऊन गेले होते. गाडी उभी करून खाली उतरले आणि मागच्या बाजूला ताडपत्रीच्या दोरीची गाठ सोडत होते. मागून एक ट्रेलर उलटा येत होता. त्याच्या ड्रायव्हरला हे दिसले नाहीत. ट्रेलर उलटा येताना वाजतो तो भोंगा वाजत होता. दारावरचा रखवालदार ओरडला, हमाल ओरडले. ह्यांनी मान वर केली नाही. हमालांपैकी एकजण दहाव्याला आला होता, तो मला म्हणाला, "मामी, आम्ही लई बोंबललो हो. मामा गाठच सोडत बसले."

दहाव्याला सगळे गाण्याबद्दलच बोलत होते. केशवमामांना गाण्याचा नाद किती, जुन्या गाडीत कॉम्प्युटर बसवणारा सबंध जिल्ह्यात हा एकच ड्रायव्हर, सीटखाली केवढा स्पीकर... आणि मग खालच्या आवाजात, मला ऐकू येणार नाही असं समजून, "गाणं मोठं लावलं असंल. त्याच्याच नादात गेला बघ." मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. मला ऐकू सगळंच येतं. ह्यांनी तीन वर्षांत एकही गाणं ऐकलेलं नव्हतं, हे त्या घरात मला एकटीला माहीत होतं.

तरुणपणी गाण्याचा नाद होता, हे खरं. लग्न झालं तेव्हा गाडीत टेप होता आणि कव्वालीच्या कॅसेटी पिशवीभर. पण ही जुन्या पद्धतीची गाडी, इंजिन ड्रायव्हरच्या गुडघ्याशी असतं. तीस वर्षं ते इंजिन ह्यांच्या कानाशी बोलत राहिलं आणि हळूहळू बाकी सगळ्यांचं बोलणं त्यानं बंद केलं. मला पहिल्यांदा कळलं ते कुकरवरून. हे घरी असले की शिट्ट्या मोजायचं काम ह्यांचं. पेपर वाचता वाचता "तीन झाल्या गं" म्हणायचे. एके दिवशी वरण करपून घरभर वास सुटला, आणि हे कुकरपासून चार हातांवर पेपर वाचत बसलेले.

माझा आवाज मुळात लहान. शाळेत बाई मला उभं करून विचारायच्या, मी उत्तर द्यायचे, आणि बाई म्हणायच्या, "आता ओठ हलवलेस, आता बोल." चौथीनंतर शाळाच सुटली. सासूबाई म्हणायच्या, "केशवा, तुझी बायको बोलती का नुसतं पान खाल्ल्यासारखं करती?" तेव्हा हे म्हणायचे, "मला येतं की ऐकू." आणि खरंच यायचं. भांड्यांच्या आवाजात, पाहुण्यांच्या गलक्यात, मी काय म्हणाले ते ह्यांना बरोबर कळायचं. मी आयुष्यात मोठ्यानं बोलायला शिकले नाही, कारण मला गरज पडली नाही. मग तोच एक माणूस ऐकेनासा झाला. मी काहीही म्हटलं की "व्हय, व्हय" म्हणायचे. जेवता का, व्हय. पाणी संपलं, व्हय. मग मी बोलणंच कमी केलं.

एकदा गंगापूरकडून येताना ह्यांच्या मागं रुग्णवाहिका लागली होती. रस्ता अरुंद, ह्यांची गाडी मधोमध, आणि ती बिचारी दोन-तीन मैल भोंगा वाजवत मागं. शेवटी कडेच्या शेतातून गाडी घालून ते लोक पुढं आले, आडवे उभे राहिले आणि ह्यांना आईबहिणीवरून शिव्या दिल्या. घरी आल्यावर हे जेवले नाहीत. मला समोर बसवलं आणि म्हणाले, "अगं, मला ऐकू येत नाय. आत कुणाचं तरी माणूस होतं... वाचलं का गेलं, मला माहीत नाय." मग म्हणाले, "कुणाला सांगू नको. बहिऱ्याच्या गाडीत माल कोण भरील? गाडी गेली तर मी काय करू?" मी म्हटलं, "नाही सांगणार." हे माझे ओठ बघत होते. ते त्यांना कळलं.

कानाच्या डॉक्टरांनी मशीन दिलं होतं. पण गाडीत ते घातलं की नुसतं इंजिनच कानात घुसायचं, डोकं दुखायचं. आणि लोकांना दिसायचं, ते वेगळंच. ते मशीन कपाटात ह्यांच्या मफलरखाली जाऊन बसलं. मग हे गेले अख्तरभाईंकडे. शहागंजात अख्तरभाईंचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, ते ह्यांचे जुने दोस्त. दोघांनी मिळून काढलेली ही युक्ती. माणसाचे कान गेले तर गाडीला कान बसवायचे.

आमच्या घरासमोर, पडेगावला, मोकळी जागा आहे. तिथं गाडी उभी करून तीन-चार महिने हे काम चाललं होतं. बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतून कॉम्प्युटर आणला, त्याचं पोट काढून तेलाच्या चौकोनी डब्यात बसवलं. लॅपटॉपचा पडदा स्टेअरिंगच्या बाजूला लावला. गाडीच्या मागं, दोन्ही कोपऱ्यांत, दोन माइक. मागून हॉर्न आला की पडद्यावर हिरव्या पट्ट्या उठायच्या, डावीकडचा आवाज असला तर डावीकडे, उजवीकडचा तर उजवीकडे. आणि सीटखाली फळीला एक मोठा स्पीकर ठोकला, म्हणजे पडद्याकडे लक्ष नसलं तरी हॉर्न पाठीला लागावा. अख्तरभाईंनी कॉम्प्युटरला आपल्या इंजिनाचा आवाज ओळखायला शिकवलं. हा आवाज वजा कर, बाकीचा दाखव.

चुका पुष्कळ झाल्या. गाडीला दोन बॅटऱ्या असतात. कॉम्प्युटरला अर्धाच करंट पुरतो, म्हणून ह्यांनी एकाच बॅटरीवर तो जोडला. पैठण रोडला मोसंबी भरलेली गाडी जी बसली ती बसलीच, चालूच होईना. अख्तरभाई रिक्षा करून गेले आणि म्हणाले, "मियाँ, दोन बैलांच्या गाडीत एकालाच चारा घालता का?" हे म्हणाले, "चारा नाय, काम जास्त लावलं त्याला. बसणारच तो." मग दोन्ही बॅटऱ्यांवर सारखा भार टाकणारी एक पेटी आणून बसवली. खड्ड्यांत कॉम्प्युटर सारखा बंद पडायचा, तर मी जुन्या गोधडीची चारपदरी घडी शिवून दिली, तिच्यावर डबा ठेवला. माइकमध्ये वारा घोंघावायचा आणि पट्ट्या उगीच नाचायच्या. मी आधी सुती टोपडी शिवली, वारा थांबेना. मग रेखाचा लहानपणीचा स्वेटर उसवून लोकरीची विणली. अख्तरभाईंनी ती हातात घेऊन बघितली. "वहिनी, दुकानात असा माल नाही भेटत."

लोकांना काय सांगायचं? हे म्हणाले, गाण्याची हौस म्हणून सांगू. आणि खरंच गाणी भरली, शेकड्यानं. धाब्यावर, मोंढ्यात, कंपनीच्या दारात गाडी उभी राहिली की हे गाणं लावायचे आणि स्टेअरिंगवर बोटांनी ताल धरायचे. सीट थरथरायची, तिच्यावरून ताल. हमाल चिडवायचे, "ओ मामा, वरात कुठं निघाली?" हे त्यांचे ओठ वाचून म्हणायचे, "तुझ्याच सासऱ्याकडं!" सगळे हसायचे. कुणाला शंका आली नाही.

माइक बसवले त्या दिवशी मला म्हणाले, "मागं जाऊन बोल काहीतरी." मी गाडीच्या मागं उभी राहिले. समोर नुसतं फळकुट, नंबर आणि लाल रंगाचा दिवा. त्याच्याशी काय बोलायचं? हे तर केबिनमध्ये मोठे हेडफोन घालून बसलेले, अख्तरभाई शेजारी. शेवटी मी डोळे मिटून माझ्या मांडणीवरच्या डब्यांची नावं ओळीनं घेतली. तूरडाळ, मूग, मटकी, शेंगदाणे, रवा, पोहे, मीठ. केबिनचं दार उघडलं, हे उतरून मागं आले. डोळे भरलेले. म्हणाले, "साखर नाय म्हणालीस. संपली का?"

साखर संपलेली होती. मी दोन दिवस सांगत होते.

त्यानंतर आमचं एक चालू झालं. हे गावात असले की संध्याकाळी केबिनमध्ये जाऊन बसायचे आणि मी मागं उभी राहून बोलायचे. माझा लहानसा आवाज तो कॉम्प्युटर मोठा करून त्यांच्या कानात घालायचा. ह्यांनी ब्रेक एकदा दाबला की मागचा लाल दिवा एकदा लागायचा, म्हणजे व्हय. दोनदा म्हणजे नाय. शेजारणी म्हणायच्या, "केशवच्या बायकोला येड लागलं, ट्रकशी गप्पा मारती." मला त्याची लाज वाटली नाही, ही माझ्या जन्मातली नवलाची गोष्ट. रेखाच्या सासरचं, माझ्या गुडघ्याचं, माहेरच्या विहिरीचं, लग्नात मला किती भीती वाटली होती त्याचं... तोंडासमोर कधी बोलले नसते ते सगळं मी त्या फळकुटाला सांगितलं.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी, ती लिहायची म्हणून तर ही वही काढली. काम पुरं झालं त्या दिवशी अख्तरभाई चहा घेत होते. ह्यांच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाले, "गाडीत बसले तोवर ठीक है. पण खाली उतरले तर? तिथं कोणते कान?" हे हसले. "उतरतो किती? दोन मिनिटं." अख्तरभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मी बशी उचलली.

ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. आठ-दहा दिवसांनी गाडीच्या मागं उभी असताना मी विचारलं, "खाली उतरताना ते मशीन कानाला लावत जाल का?" दिवा दोनदा लागला. मी पुन्हा विचारलं, "माझ्यासाठी?" दिवा पुन्हा दोनदा लागला, आणि मग लगेच दोनदा, पुन्हा दोनदा, चेष्टेनं, लहान पोरासारखा. मी हसले. तिथंच विषय संपवला. मला भांडता आलं असतं. अख्तरभाईंना मध्ये घालता आलं असतं, रेखाला सांगता आलं असतं, भाऊजींना सांगता आलं असतं. गाडी गेली असती, माणूस राहिला असता. पण "नाही सांगणार" असं मी म्हटलं होतं, आणि गप्प बसणं मला कधी जड गेलेलं नाही. तीन-चार महिने आम्ही तिघं त्या गाडीला ऐकायला शिकवत राहिलो. माणूस गाडीतून उतरतो, हे आम्हाला माहीत होतं. माहीत असून आम्ही ते सोडून दिलं.

आता गाडी भाऊजी चालवतात. त्यांचे कान चांगले आहेत. मागच्या आठवड्यात सकाळीच गाडी घेऊन आले, इंजिन चालू ठेवून केबिनमधूनच म्हणाले, "वहिनी, दादाची ही म्युझिक सिस्टीम काढून टाकू का? कुणी हॉर्न मारला की सीट खालून ढुशी मारती. कंबर गेली माझी. दादाला काय मजा वाटायची, देव जाणे." मी दारातून उतरले, गाडीपाशी गेले, वर बघितलं आणि म्हटलं, "त्यांना ऐकू येत नव्हतं."

इंजिन धडधडत होतं. भाऊजी वाकले, कानामागं हात धरला. "काय म्हणालात?"

एकदा म्हणायलाच मला किती दिवस लागले होते. दुसऱ्यांदा माझ्याच्यानं झालं नाही.

"काढा," मी म्हटलं, आणि हातानं खूण केली.

अख्तरभाईंनीच येऊन सगळं उतरवलं. चहाही घेतला नाही. भाऊजी दुसऱ्या दिवशी खुशीत पैठणला गेले. आणि लोक अजून म्हणतात, गाण्याच्या नादात गेला.

हे गेल्यापासून माझी एक खोड लोकांच्या लक्षात यायला लागली आहे. कुणाशी बोलायचं झालं की आधी माझा हात पुढं जातो, त्या माणसाच्या दंडाला दोन बोटं लागतात आणि मगच तोंड उघडतं. तीन वर्षांची सवय. दूधवाला दचकतो. परवा रेखा चुलीपाशी उभी होती, मी तशीच तिच्या दंडाला बोटं लावली. ती वळली आणि म्हणाली, "आई, बोल ना. ऐकतेय मी."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत थांबली. माझी बोटं तिच्या दंडावरच होती.