उभं राहायची सवय
काल कुलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या आणि त्या ओल्या वासासरशी महापालिकेच्या झोन ऑफिसातली एक दुपार आठवली. आमच्या गल्लीतलं गटार तुंबून लोकांच्या दारात आलं होतं, आणि तक्रार घेऊन मी चौथ्यांदा तिथं गेले होते. साहेब कुलरसमोर बसत, तक्रार करणाऱ्यानं मात्र टेबलापुढं उभंच राहायचं. त्या दिवशी मी घरची लाल प्लास्टिकची खुर्ची स्कूटरला बांधून नेली, बरोबर साहेब आणि कुलरच्या मधोमध मांडली आणि बसले. साहेबांना घाम फुटला. "ताई, हे काय करून राहिल्या?" "बसून राहिली जी. गटार साफ करायले माणसं निघेपर्यंत उठत नाही." साहेब हसले. "बसायचा एवढा शौक असन तर निवडणुकीत उभ्या राहा ना!" सगळं ऑफिस खिदळलं. मी म्हटलं, "राहते ना. उभं राहायची सवय तुम्हीच तं लावली मले." माणसं तासाभरात निघाली. त्या निवडणुकीत मी अपक्ष उभी राहिले आणि सपशेल पडले, हे खरं. पण यंदा पुन्हा उभी आहे, आणि खुर्ची अजून स्कूटरलाच बांधलेली आहे.