आबांनी दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मला रोज शौचातून रक्त पडत होतं आणि ते साऱ्या गावाला माहीत होतं. आमच्या कडेगावकडे आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस नुसतं ‘कसं काय’ विचारून उठत नाही. किती वेळा जातोस, पातळ की घट्ट, हे सगळं तो ओसरीवर चहा पीत विचारतो आणि जाताना एक औषध सांगून जातो. मी नोकरीसाठी सांगलीत विश्रामबागेत खोली घेऊन राहत होतो, पण सुट्टीला घरी आलो की माझ्या पोटाची ग्रामसभा भरायची. कुड्याची साल झाली, बेलाचा मुरंबा झाला, शेळीचं दूध झालं. तालुक्याला जाऊन आवेच्या गोळ्याही खाऊन झाल्या. गुण यायचं नाव नाही, मी मात्र वाळत चाललो होतो.

पण सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. माझे चुलते असंच रक्त पडून गेले. मूळव्याध म्हणून त्यांना मलमं देत राहिले, आणि आतड्याच्या शेवटाला गाठ आहे हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्यामुळे मलाही तेच झालंय का, हा प्रश्न घरात प्रत्येकाच्या पोटात होता आणि ओठावर कुणाच्याच नव्हता. आबा, म्हणजे माझे वडील, पलटणीतून हवालदार होऊन परतलेले. ते माझ्या ताटाकडे बघायचे आणि मान फिरवायचे.

शेवटी सांगलीतले एक डॉक्टर म्हणाले, “दुर्बिणीने आत बघू.” मोठ्या आतड्याच्या वरच्या भागाचा एक्स-रे त्यांनी आधीच काढला होता आणि त्यात गाठ नव्हती. पण त्या काळ्या फिल्मवर आबांचा काडीचा भरवसा नव्हता. डॉक्टरांनी बजावलं, आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ घ्यायचे आणि सकाळी एनिमा.

त्या दिवशी चुलतीने तांब्या भरून भिजवलेला सब्जा आणला. मी नको म्हणालो, तर म्हणाली, “पातळच हाय की रं. उष्णता हाय तुझ्या अंगात, दुसरं काय न्हाई.” नवरा गमावलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं? मी तांब्या रिकामा केला. तसा तो आठवडाभर रोजच करत होतो.

दवाखान्यात मला टेबलावर गुडघे नि कोपरं टेकून, कपाळ उशीला लावून ओणवं केलं. वळणाऱ्या नळ्या मोठ्या शहरांत आल्या आहेत असं ऐकत होतो. आमच्या वाट्याला आली ती स्टीलची, सरळसोट, टोकाला बारीक दिवा असलेली. डॉक्टर रबरी फुग्याने हवा भरत आत बघू लागले आणि एकदम थांबले.

“हे काळं काळं काय आहे सगळीकडे?”

सोबत आलेले आबा पडद्याबाहेरून म्हणाले, “काय हाय डाक्टर?” डॉक्टरांनी चिमट्याने एक दाणा बाहेर काढला आणि उजेडात धरला. मी उशीतूनच म्हणालो, “सब्जा असेल.” डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मग पुन्हा एनिमा, आणि पुन्हा मी ओणवा.

या वेळी त्यांनी सावकाश पाहिलं. “गाठ नाही. आतलं अस्तर सुजून लाल झालंय, बारीक व्रण आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिस. अस्तराचा एक कण काढून तपासायला पाठवतो.”

“आवं डाक्टर,” आबा म्हणाले, “माझ्या भावाच्या टायमालाबी असंच म्हणाले व्हते, काय न्हाई म्हणून. मला बघू द्या.”

डॉक्टरांनी मला विचारलं. माझी अब्रू आधीच टेबलावर मांडलेली होती, मी हो म्हटलं. आबांनी टोपी काढली, आत आले, बंदुकीचा नेम धरताना मिटायचे तसा डावा डोळा मिटला आणि बघत राहिले. एवढा वेळ त्यांनी माझ्या तोंडाकडेही कधी पाहिलं नव्हतं. “लय लाल हाय,” ते म्हणाले, “पर गाठ न्हाई.”

पाठवलेल्या कणाचा निकालही तोच आला. सल्फाच्या गोळ्या नि औषधाचे एनिमा सुरू झाले. रक्त थांबलं, भाकरी पचू लागली. चुलती गावभर सांगत सुटली की सब्जाच लागू पडला, आणि मी तिला ते श्रेय खुशाल घेऊ दिलं.

काही महिन्यांनी व्रण भरलेत का हे बघायला पुन्हा दुर्बीण घातली. या वेळी डॉक्टरांनी आपण होऊनच आबांना बोलावलं. आबांनी टोपी काढली, डोळा मिटला. “गुलाबी हाय. लेकराच्या जिभंगत.” डॉक्टर म्हणाले, “हा आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो. अधूनमधून बघत राहायला लागेल.”

“बघत जाऊ की,” आबा म्हणाले.

मला इतका आनंद झाला होता की मी विजारीची नाडी बांधत बाहेर येतानाच जेवायला कुठं जायचं ते ठरवत होतो. आबा बाकावर बसले होते. टोपी अजून हातातच होती आणि डोळे भरले होते. चुलत्यांच्या तिरडीपुढेही ते रडले नव्हते.

“एवढीशी तर नळी,” ते म्हणाले. “त्याला कुणी बघितलंच न्हाई रं.”