मेबलचे रंग

ग्लेनिस ट्रेविन आणि डार्सी हॉलिस यांच्यातून विस्तव जात नसे. ऑस्ट्रेलियातल्या वॉरनॅम्बूलच्या त्या दूध-कंपनीत टँकर धुणाऱ्या माणसांनाही ते ठाऊक होतं. कचेरीत प्रोग्रामर मोजून पाच. त्यांतली ग्लेनिस सर्वांत जुनी, बासष्ट वर्षांची, उंच, किंचित पुढे वाकलेली. तिला कुणी उगाच मदत केली की राग येई, आणि कुणी केली नाही तर ती ते लक्षात ठेवी. डार्सी चौतीस वर्षांचा, फेब्रुवारीत मेलबर्नहून या पाच जणांचा प्रमुख होऊन आलेला. हुशार होता, कामसू होता, पण स्वतःची चूक कबूल करायला त्याला निदान दोन दिवस लागत.

पहाटे कुठला टँकर कुठल्या शेतावर जाईल, कुठली टाकी उचलेल आणि कुठली सोडेल, हे सगळं तिथे एक प्रोग्राम ठरवी. तो लिहिला होता मेबल नावाच्या भाषेत. ही भाषा तीसेक वर्षांपूर्वी याच कचेरीतल्या आल्फ पेनहेलने बनवली आणि तिला आपल्या आवडत्या गाईचं नाव दिलं. कंपनीच्या कुंपणाबाहेर मेबल कुणाला येत नव्हती. त्यामुळे कोड लिहायच्या कुठल्याच एडिटरला तिचे शब्द ओळखून रंगवता येत नसत. सगळं पान एकाच रंगात, मुंग्यांच्या रांगेसारखं दिसे. ग्लेनिसने मग स्वतःच्या एडिटरसाठी रंगांची एक फाईल लिहिली होती. आज्ञा निळ्या, शेतांचे क्रमांक नारिंगी, माणसांनी माणसांसाठी लिहून ठेवलेले शेरे तपकिरी. आणि ज्या ओळींच्या आरंभी चांदणीची खूण असे त्या ठसठशीत लाल. मेबलमध्ये चांदणीचा अर्थ एकच: काहीही होवो, ही ओळ पाळल्याशिवाय पुढे जायचं नाही.

हे रंग तिने आधी हौसेने लावले होते. गेल्या एप्रिलपासून मात्र त्यांच्यावाचून तिचं चालत नव्हतं. तिच्या उजव्या डोळ्याच्या मध्यभागी एक डाग आला होता, काचेवर कुणीतरी अंगठा दाबून ठेवावा तसा. डावा डोळाही त्याच वाटेवर असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. गडद, भडक अक्षरं तिला अजून वाचता येत. फिकी अक्षरं नाहीशीच होत. गाडी चालवणं तिने सोडलं आणि 'चालणं तब्येतीला बरं' असं सांगून डेनिंग्टनच्या घराहून थोडं बसने, थोडं पायी येऊ लागली. खरं कारण तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. आल्फला पक्षाघाताचा हलका झटका आला तेव्हा कंपनीने त्याला केक दिला, सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड दिलं आणि घरी पाठवलं. वर्षाच्या आत तो गेला. ग्लेनिसला ते कार्ड नको होतं.

ऑगस्टमधल्या एका सोमवारी डार्सीने फर्मान काढलं. आजपासून सगळ्यांच्या एडिटरला एकच रंगयोजना. सकाळी मशीन उघडलं की सामाईक फाईल आपोआप बसेल, आणि कुणी ती बदलली की त्याचं नाव डार्सीच्या पडद्यावर येईल. अक्षर लहान-मोठं करायचं स्वातंत्र्य तेवढं त्याने ठेवलं होतं.

"पाच माणसं आणि पाच जत्रा," तो म्हणाला. "कुणाच्याही मशीनवर बसलं की आधी पाच मिनिटं डोळे चोळायचे. आणि ग्लेनिस, तुझं पान तर सर्कशीच्या तंबूसारखं दिसतं."

"ते मी माझ्यासाठी लावलंय. तुला कुणी तिकीट काढून बोलावलंय का?"

"आजीबाई, हे तुझं स्वयंपाकघर नाही."

"नाहीच. स्वयंपाकघरात मी तुला उभंसुद्धा केलं नसतं."

शेजारच्या टेबलावरची व्हूला कार्डास कपात तोंड घालून हसली. व्हूला ग्लेनिसची त्या कचेरीतली एकुलती एक मैत्रीण. दोघी पंधरा वर्षं एकमेकींचे डबे खात आलेल्या.

ग्लेनिसने मशीन उघडलं. कोळशासारखी काळी पार्श्वभूमी आणि तिच्यावर धुक्यातले रंग. अक्षर मोठं केल्यावर निळं-नारिंगी कसंबसं दिसलं. पण नियमांच्या पानावर मधेमधे कोरे पट्टे होते. तिथे काहीच नव्हतं.

ते पान तिला पाढ्यांसारखं पाठ होतं. कोऱ्या पट्ट्यांच्या जागी चांदणीच्या ओळी असायला हव्या होत्या. थोड्या वेळाने तिला उलगडा झाला. मेबलसाठी तयार फाईल कुठून मिळणार? डार्सीने दुसऱ्या एका जुन्या भाषेची उचलून लावली होती, आणि त्या भाषेत चांदणी म्हणजे नुसता शेरा. शेरे त्याने अंधुक राखाडी ठेवले होते, कारण त्याच्या मते शेऱ्यांनी मागे उभं राहावं, डोळ्यांत घुसू नये. म्हणजे सर्वांत महत्त्वाच्या ओळी सर्वांत फिक्या झाल्या होत्या. पण हा झाला तिचा तर्क. पडद्यावर त्या राखाडी आहेत की मुळातच नाहीत, हे तिला कळायला मार्ग नव्हता. विचारायचं तर 'मला दिसत नाही' असं कबूल करावं लागणार.

मंगळवारी तिने आडून विचारलं, "व्हूला, नियमांचं पान तुला नीट दिसतंय ना गं?"

"अगदी भिकार दिसतंय. पण आहे सगळं. का?"

"काही नाही. उगाच."

मग तिने स्वतःची समजूत घातली. रंगाने कोड बदलत नाही. ओळ राखाडी असो की लाल, मशीन ती पाळणारच. गप्प बसायला एवढं कारण तिला पुरलं.

बुधवारी ती दुपारी डॉक्टरांकडे गेली. व्हूलाला सांगितलं, दात दुखतोय.

गुरुवारी अकरा वाजता वाचन असे. आल्फच्या वेळेपासूनची ती रीत होती: आठवड्यात जो काही बदल झाला असेल तो चारच्या सुमाराला चालू करायचा, पण त्याआधी कुणीतरी ते पान सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं, ओळ न ओळ. ऐकताना जी चूक सापडते ती बघताना सापडत नाही, असं आल्फ म्हणे. बेकरीतून कस्टर्डचे स्लाइस यायचे, चहा व्हायचा. आजवर जो तो आपल्या मशीनवरून वाची. त्या गुरुवारी डार्सीने पान भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावलं.

"ग्लेनिस वाचेल," तो म्हणाला.

"माझी पाळी पुढच्या आठवड्यात आहे."

"आज वाच. सोमवारपासून तुझं काम गोगलगाईसारखं चाललंय. नव्या रंगांवर रुसून बसली आहेस की काय, तेही बघू."

भिंत तिच्या खुर्चीपासून बारा पावलांवर होती. तिथे तिला एक काळा चौकोन दिसत होता, एवढंच. जवळ जाऊन उभं राहिलं असतं तर सगळं उघड झालं असतं. तिने चहाचा कप खाली ठेवला, तोंड भिंतीकडे केलं आणि वाचायला सुरुवात केली.

"शेताचा क्रमांक घे. टाकीचा क्रमांक घे. टाकीचं तापमान घे. तापमान चारच्या वर असेल तर चालकाला कळव."

आवाज संथ होता, खणखणीत होता. व्हूला मान डोलावत होती. डार्सी पेन्सिलीने ओळी मोजत होता.

"चांदणी," ग्लेनिस पुढे म्हणाली. "शेतावर औषधाची नोंद असेल तर दूध उचलू नकोस. चांदणी. नोंद काढल्यावर आठ खेपा होईपर्यंत—"

"थांब."

ती थांबली.

"हे तू कुठून वाचतेयस?" डार्सीने विचारलं.

"पानावरून."

"पानावर ते नाहीये."

व्हूलाची डोलणारी मान थांबली.

"त्या अकरा ओळी मी काल काढून टाकल्या," डार्सी म्हणाला. "तीस वर्षांचे जुने शेरे, नुसता कचरा. भिंतीवर त्या नाहीत. कुठल्याच पडद्यावर नाहीत. मग तू वाचतेयस काय?"

ग्लेनिस भिंतीकडून त्याच्या आवाजाच्या दिशेने वळली. सावरायला एक क्षण होता. 'सवयीने तोंडात आलं' एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण अकरा ओळी गेल्याचं तिने ऐकलं होतं, आणि त्या गेल्या तर काय होईल हे त्या खोलीत तिच्याइतकं नेमकं कुणाला माहीत नव्हतं.

"ते शेरे नव्हते, गाढवा," ती म्हणाली. "गाईला औषध टोचलं की तिचं दूध कुठल्या टँकरमध्ये जायला नको, ते त्या ओळी सांगतात. चार वाजता तू हे चालू केलंस की उद्या पहाटे ते दूध सगळ्यांच्या दुधात जाईल. अख्खा साठा ओतून द्यावा लागेल, आणि तेही कळलं तर. नाही कळलं तर मुलं पितील."

डार्सीचा चेहरा उतरला. तो मशीनकडे गेला, कालची प्रत काढली आणि अकरा ओळी परत बसवल्या. तोंड मात्र बंद झालं नव्हतं.

"राखाडी होत्या त्या," तो पाठमोराच म्हणाला. "शेऱ्याच्या रंगात होत्या. सोमवारपासून."

"कारण तू दुसऱ्या भाषेची फाईल मेबलला घातलीस. न विचारता."

"आणि तुला ते कधी कळलं?"

ग्लेनिसने चहाचा कप जवळ ओढला.

"सोमवारी कळलं तुला," तो वळून म्हणाला. "माझी एक चूक दिसली तर तू कचेरीभर दवंडी पिटतेस. यावेळी तीन दिवस गप्प बसलीस. मला तोंडावर आपटलेलं बघायचं होतं तुला."

"मला दिसत नाही," ग्लेनिस म्हणाली.

"काय?"

"दिसत नाही मला! तुझा राखाडी दिसत नाही, ही भिंत दिसत नाही, तुझं तोंड इथून दिसत नाही, आणि त्याबद्दल देवाचे आभार. ओळी फिक्या आहेत की गेल्या आहेत तेच मला कळत नव्हतं. तुला विचारलं असतं तर संध्याकाळपर्यंत कार्डावर सह्या गोळा झाल्या असत्या."

"बोलली असतीस तर मी त्या ओळींना हात लावला नसता," डार्सी म्हणाला.

हे खरं होतं. त्या दिवशी तो जे जे बोलला त्यातलं हेच तिला लागलं, आणि पुढे कित्येक दिवस सलत राहिलं.

व्हूला मात्र वेगळ्याच कारणाने उठून गेली. ग्लेनिस मागोमाग गेली तेव्हा ती बेसिनपाशी कप घासत होती, स्वच्छ असलेला कप.

"दात दुखत होता म्हणे," व्हूला म्हणाली. "चालणं बरं म्हणे. मी तुझ्या आयुष्यात कोण आहे गं? डबा आणणारी बाई?"

"व्हूला, ऐक तरी."

"मंगळवारी मला विचारलंस, दिसतंय का. माझे डोळे वापरलेस आणि का ते सांगितलं नाहीस. जा, बस जाऊन जागेवर. की हात धरून नेऊ?"

डार्सीने वरच्या मजल्यावर लेखी कळवलं. स्वतःची चूक त्याने पहिल्या परिच्छेदात लिहिली, यावेळी दोन दिवस न लावता. दुसऱ्या परिच्छेदात ग्लेनिसचं गप्प राहणं लिहिलं, आणि तेही तितक्याच काटेकोरपणे. वरून निर्णय आला तो दोघांनाही आवडला नाही. ग्लेनिस कामावर राहील. तिला मोठा पडदा मिळेल. मेबलच्या रंगांचे नियम ती लिहील, पण सर्वांसाठी. आणि डार्सी ते तपासून मंजूर करील.

तिने ते भर कचेरीत लिहिले, पडद्याला नाक लावून. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. चांदणीच्या ओळींना तिने पिवळीधमक पट्टी आणि तिच्यावर काळी अक्षरं दिली. शेरे पांढरे. कुठेही राखाडी नाही.

"हे बघून उलटी होईल माणसाला," डार्सी म्हणाला.

"बादली आणून ठेव."

"रोज सकाळी डोकं दुखणार सगळ्यांचं."

"दुखू दे. चूक काढ त्यात. सापडली तर बोल."

त्याने दोनदा तपासलं. चूक नव्हती. त्याने मंजुरी दिली, मंजुरीच्या रकान्यात एक अक्षरही जास्त न लिहिता.

पुढच्या गुरुवारी खरोखरच ग्लेनिसची पाळी होती. स्लाइस आले होते. तिच्या वाट्याचा व्हूलाने तिच्यापासून हातभर लांब ठेवला होता. बोलणं अजून सुरू झालं नव्हतं. डार्सीने पान भिंतीवर लावलं आणि तो खुर्चीत रेलला.

ग्लेनिसने आपली खुर्ची उचलली. मदतीला उठलेल्या एका सहकाऱ्याला तिने नजरेनेच खाली बसवलं. बारा पावलं चालून तिने ती भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवली आणि सगळ्यांकडे पाठ करून बसली. तिच्या खांद्यांनी अर्धं पान झाकलं गेलं.

"तू मधे येतेस," मागून डार्सी म्हणाला. "आम्हाला काही दिसत नाहीये."

"मग ऐका," ग्लेनिस म्हणाली, आणि तिने पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.