नंदाचा बूटलोडर आणि माझा जळफळाट

गेल्या मंगळवारची गोष्ट. देवळीजवळच्या एका शेतात, मोटारीच्या पेटीसमोर आम्ही दोघी उभ्या होतो… मी आणि नंदा. आणि मनातल्या मनात मी तिचं काम फसायची वाट बघत होते.

वर्ध्यात आमचं छोटं युनिट आहे. शेतातली मोटार आपोआप चालू-बंद करणारे बोर्ड आम्ही बनवतो. मी तिथली इंजिनियर, बारा वर्षांपासून. नंदा सोल्डरिंगच्या टेबलावर लागली होती… प्रोग्रामिंग शिकली जेवणाच्या सुट्टीत, मोबाइलवर बघून.

बोर्डमधल्या प्रोग्राममध्ये सुधारणा करायची तर आमची एकच पद्धत. पेटी खोला, बोर्ड काढून वर्ध्याला आणा, प्रोग्रामर नावाचं यंत्र जोडून चिपमध्ये नवा प्रोग्राम भरा, परत नेऊन बसवा. नंदानं नव्या बोर्डांत बूटलोडर टाकला. म्हणजे सिरियल केबलवरून आलेला नवा प्रोग्राम चिपमध्ये लिहून घेणारा एक छोटा प्रोग्राम. शेतातच लॅपटॉप जोडायचा, दोन मिनिटं थांबायचं, झालं.

युनिटच्या मालकांनी, आमच्या सरांनी, सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. मीही टाळ्या वाजवल्या… आणि घरी येऊन भाजीत दोनदा मीठ टाकलं. बूटलोडर मलाही सुचला होता, चार वर्षांपूर्वी. मी करू करू म्हणत राहिले आणि तिनं केला. तेच सलत होतं.

मग मी तिचा कोड वाचून काढला. चूक शोधायलाच, दुसरं काही कारण नव्हतं… आणि सापडली. बोर्ड सुरू होताना बूटलोडर फक्त चिपमध्ये प्रोग्राम आहे का एवढंच बघायचा. पूर्ण आहे की अर्धा, हे तपासत नव्हता. म्हणजे भरताना मध्येच लाइन गेली, तर बोर्ड त्या अर्धवट प्रोग्राममध्येच अडकणार, नंतर केबलचंही ऐकणार नाही.

मी तिला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू… करत आठवडा गेला.

मंगळवारी नेमकं तेच झालं. सुधारलेला प्रोग्राम भरताना लॅपटॉपवरची पट्टी अर्ध्यावर आली आणि लाइन गेली. पंधरा मिनिटांनी परत आली, पण बोर्डवरचा दिवा काही लागेना.

शेतमालक दादांच्या हरभऱ्याचं ओलीत सुरू होतं. ते म्हणाले, "मॅडम, चांगला चालून राह्यला होता. मंग हात काऊन लावला?" नंदा केबल काढत होती, लावत होती… पुन्हा काढत होती.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही… तिच्या हातांकडे बघवेना. एरवी युनिटबाहेर कधी न नेलेला आमचा एकुलता एक प्रोग्रामर मी बॅगेतून काढला, बोर्ड बाहेर घेतला आणि बांधावर बसून त्यात प्रोग्राम भरला. मोटार सुरू झाली, दादा पाण्याकडे गेले.

नंदा मात्र त्या प्रोग्रामरकडेच बघत होती. "मॅडम, हा तुम्ही सोबत काऊन आणला?"

खोटं बोलता आलं असतं… पण सांगून टाकलं. चूक मला आठ दिवसांपासून माहीत होती.

तिनं लॅपटॉप बंद केला. मग म्हणाली, "मंग मले सांगतलं काऊन नाई?"

"तुझा हेवा वाटला म्हणून."

ती रडली नाही, भांडली नाही. केबल गुंडाळत एवढंच म्हणाली, "सरांले तुम्हीच सांगा."

बुधवारी मी सरांना सगळं सांगितलं. "आधी ते दुरुस्त करा," एवढंच सर म्हणाले… ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मग नंदाजवळ बसून उपाय समजावला. प्रोग्राम पूर्ण आल्याची खूण सगळ्यात शेवटी लिहायची, आणि खूण नसेल तर बूटलोडरनं केबलची वाट बघत थांबायचं. दुपारपर्यंत तिनं ते करूनही टाकलं. आम्ही मुद्दाम मध्येच प्लग काढून बघितला, पुन्हा पुन्हा… बोर्ड दर वेळी सावरला. मला दोन दिवस लागले असते. पुन्हा थोडी जळलेच.

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. पण काल दुपारी तिनं लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला. "नवा कोड हाय, वाचून पाहा. काई चुकलं असन तर आजच सांगजा."

एवढं होऊनही तिनं कोड माझ्याच हातात दिला… त्याबद्दल तिचे आभार कसे मानायचे, ते मला अजून सुचलेलं नाही.