इमोजीनबाईंनी मागून घेतलेली बाग

मॅग्नोलिया गल्लीत एकही मूल नव्हतं. होते ते सत्तरीचे म्हातारे, त्यांची लठ्ठ कुत्री आणि इमोजीन टटल. या बाईंना रिकामं बसवत नसे.

कोपऱ्यावरच्या घरात एक भाडेकरू आला. लैंगिक गुन्हेगारांच्या सरकारी यादीत त्याचं नाव बाईंना सापडलं. त्यानं नेमकं काय केलं होतं ते वाचायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. यादीतल्या माणसाला मुलांच्या बागेपासून हजार फुटांच्या आत राहता येत नाही, एवढं त्यांना पुरलं. बाग नाही? मग करा! चर्चमध्ये पीचचे केक विकले, रिकाम्या प्लॉटवर दोन झोपाळे टांगले, बाईंनी फीत कापली. फोटोसाठी नगराध्यक्ष प्रेविट झोपाळ्यात बसले ते अडकलेच. दोघांनी ओढून काढलं. भाडेकरू मुकाट्यानं गेला. बाईंची छाती फुगली.

पुढच्याच हिवाळ्यात बाई दारच्या ओट्यावर घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, घरात कुणीतरी उचलणारं हवं, नाहीतर वृद्धाश्रम. मुलगा डेल बायकोला घेऊन राहायला यायला निघाला, आणि बाईंच्या दारात शेरिफचा शिपाई उभा: बागेजवळ त्याला राहता येणार नाही. डेलही यादीत होता. अठराव्या वर्षी तो पंधरा वर्षांच्या रोंडाला घेऊन पळाला होता. तिच्या बापानं खटला भरला. पुढे सज्ञान झाल्यावर रोंडानं त्याच्याशीच लग्न केलं.

"माझा डेल तसला नाही हो!"

"यादी एकच आहे, बाई. तसले नि असले वेगळे काढत नाहीत."

"अहो, जिच्यावर अन्याय झाला म्हणता, ती त्याच्या मोज्यांना ठिगळं लावतेय!"

"त्या खुशाल राहू देत. त्यांना बंदी नाही."

"आणि मला उचलणार कोण? तिची कंबर माझ्याहून गेलेली!"

बाईंनी गावसभेत आपली चाकांची खुर्ची ढकलवत नेली. "झोपाळे काढा."

"मुलांची बाग मोडायची?" शेजारीण ग्लॅडिस किंचाळली.

"कुठली मुलं गं? तुझी कुत्री?"

"उद्या दुसरा कुणी तसला आला म्हणजे?"

हे वाक्य बाईंचंच होतं, वर्षभरापूर्वीचं, आणि तेव्हाइतक्याच टाळ्या आताही पडल्या. बाईंच्या बाजूनं एकच हात वर झाला, तो त्यांचा.

वृद्धाश्रमात जाणार नाही, म्हणाल्या. मग उरलं एकच ठिकाण: कोंबड्या कापायच्या कारखान्यामागची, चाकांवरच्या घरांची वस्ती. तिथे ना शाळा, ना बाग, फक्त वास. डेलनं आईला उचलून पलंगावर ठेवलं. बाईंनी खिडकीतून शेजारपाजार न्याहाळला.

"डेल, इथे कुणी तसले लोक नाहीत ना रे?"

"सगळे तेच आहेत, आई. दुसरीकडे राहू कुठे देतात?"

"अगं बाई! रोंडा, दाराला कडी लाव आधी."

रोंडा उठली, दाराशी जाऊन थांबली.

"आतून लावू, की बाहेरून?"