मिर्वाचं ‘बरं आहे’

मिर्वा शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. रोज पोरांसाठी बटाट्यांचे ढीग उकडायचे, पातेली घासायची, आणि कुणी कसं काय विचारलं तर ‘बरं आहे’ म्हणायचं. फिनलंडच्या त्या उत्तर भागात सगळेच असं म्हणतात. घराला आग लागली तरी माणूस शेजाऱ्याला आधी बरं आहे म्हणेल आणि मग बादली मागेल. याला ते सोशिकपणा म्हणतात आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! खरं तर त्यात निम्मी भीतीच असते.

मुलगी सीरी सातव्या महिन्यातच जन्मली. पुढे कळलं, सेरेब्रल पाल्सी. ही चालणार नाही, बोलणारही नाही बहुतेक. मिर्वा रडली नाही. तिला काही वाटलंच नाही. धक्का ओसरला की वाटेल, असं ती धरून चालली होती. त्याला आता नऊ वर्षं झाली. हात तेवढे चालत राहिले. भरवणं, कूस बदलणं, आखडलेले पाय हळूहळू सरळ करणं. नवरा आर्तो लाकडाचे ट्रक चालवायचा आणि घरी आला की लेकीला उचलायचा. दोघं एकमेकांना फारसं काही विचारत नसत.

दोन वर्षांपूर्वी सीरीच्या उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालं. कमरेपासून पावलांपर्यंत प्लास्टर, आणि पोर किंचाळतेय. मिर्वा खाटेशी दगडासारखी उभी होती. पुन्हा ते नको, एवढंच तिला पक्कं ठाऊक होतं.

ओउलू शहरातल्या मोठ्या इस्पितळात दरवर्षी खुब्यांचा एक्स-रे काढायचा असतो. या खेपेला डावा खुबा निसटायला लागलेला दिसला. हान्नेले ही तिथली हाडांची डॉक्टर, सीरीला तान्हेपणापासून ओळखणारी. तिने सरळ सांगितलं, की ऑपरेशन लागेलच; दुखत नसेल तर काही महिने थांबून पुन्हा फोटो काढू, दुखत असेल तर मात्र थांबायचं नाही.

“दुखतंय का गं तिला, मिर्वा?”

“नाही. बरं आहे.”

हान्नेलेने मान डोलावली आणि खुर्ची सीरीकडे वळवली. सीरीला हो म्हणायचं असलं की ती वर बघते, नाही म्हणायचं असलं की डोळे मिटते.

“सीरी, आता तू सांग. पाय दुखतो?”

सीरीने आधी आईकडे पाहिलं. नीट, शांतपणे पाहिलं. मग डोळे मिटले.

मिर्वा पाहतच राहिली. कपडे बदलताना डावा पाय हलला की ही पोर बाहीत दात रोवते, हे तिला माहीत होतं. ती ओरडत नाही म्हणजे फार नसेल, अशी समजूत तिने करून घेतली होती. आता तिला कळलं, की लेक ओरडत का नव्हती. बोलता न येणाऱ्या मुलीला तिने गप्प बसायला शिकवलं होतं. मिर्वाला याचं भयंकर वाईट वाटायला हवं होतं, पण हातांना मुंग्या आल्या, एवढंच.

हान्नेले पुढच्या तारखेचं बोलायला लागली होती.

“शनिवारी आम्ही तिला सॉनात नेत नाही,” मिर्वा म्हणाली.

हान्नेले थांबली. “कधीपासून?”

“शरद ऋतूपासून. बाकावर बसवलं की पांढरी पडते. आर्तो एकटाच जातो. मी तिच्याजवळ बसते.”

त्या देशात आजाऱ्यालाही शनिवारची सॉना, म्हणजे तापवलेल्या खोलीत बाकावर बसून घ्यायची वाफ, चुकवू देत नाहीत. हान्नेलेला पुढचं काही विचारावं लागलं नाही. इतके महिने का बोलली नाहीस, हेही तिने विचारलं नाही; तिने ते विचारावं, असं मिर्वाला मात्र वाटत होतं.

मिर्वा सीरीच्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली.

“मी खोटं बोलले,” ती म्हणाली. “तू खोटं नको बोलूस. दुखतं?”

सीरीने वर पाहिलं. डॉक्टरांनी “कळलं हं, बाळा” म्हटलं, तरी तिने नजर खाली आणली नाही.